होडी बुडवली आहे

भवानी पेठ, सोलापूर
बुधवार, ११ जून २०२५

चि. चंद्रिकास,

आप्पाचे आशीर्वाद. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, तुझी मर्जी. इकडं सगळे बरे. तुझ्या आईचा गुडघा अजून जिन्याशी भांडतोय. तिकडंही बरं असावं.

आता मुद्द्यावर येतो, कारण परवापासून माझं डोकं तापलंय. रत्नम्मामावशीजवळ तू निरोप दिलास, "आप्पांना म्हणावं, होडी परत पाठवा. माझ्या सासऱ्यांची चेष्टा बास झाली." चेष्टा? मी? चार वर्षांनी बापाला पहिला निरोप, आणि त्यात हा आरोप!

नीट ऐक. फेब्रुवारीत आपल्या सात रस्त्याच्या दुकानात एक हॉटेलवाला ऑइल पेंट घ्यायला आला. मी डबे काढत होतो, पण माझे कान तुला माहीत आहेत. तो फोनवर सांगत होता, "उजनीच्या काठावर माउली म्हणून एक म्हातारा आहे. फायबरची होडी घेतली, जुनी लाकडी पालथी पडलीय. आणू, मधून कापू, आत टेबलं टाकू. लोक फोटो काढतील." माउली म्हणजे तुझे सासरे, हे कळायला मला दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही. तो पोचायच्या आत माणूस पाठवून होडी उचलून आणली. माझं नाव सांगितलं नाही, हे खरं. सांगितलं असतं तर दिली असती का तुम्ही?

तिथून माझी वरात निघाली. तुझा सोमशेखरकाका नाकाला रुमाल लावून गोदामात उभा. "अण्णा, गळ्यात लिंग आणि गोदामात मासे धरायची होडी? शोभतं का?" मी म्हटलं, "तू सावकाश वास घे, मी लाकूड घासतो." तुझ्या आईनं तर अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही असं बजावलं. एप्रिलमध्ये, नळाला पाच दिवसांनी पाणी येत असताना, रोज दोन अंघोळी केल्या मी. चेष्टा करणारा माणूस एवढं करतो का गं?

मी मैंदर्गीहून एका पिशवीनिशी आलेला माणूस. कामाला माणूस पारखून लावतो. बसलिंगप्पा सुताराचा दारं-खिडक्यांत कोण हात धरत नाही. तो म्हणाला, "अण्णा, लाकूड आधी कडक वाळलं पाहिजे." वाळवलं. आपल्या मे महिन्याच्या उन्हात, महिनाभर. जी फट उघडली तिच्यात लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरली, घासली, वर निळ्या रंगाचे तीन हात. दिवाणखान्याच्या दारासारखी गुळगुळीत झाली.

हिप्परग्याच्या तलावात सोडली. पहिला मान माझा. काठापासून जरा आत गेलो तोच लांबीचे पापुद्रे सुटले आणि सगळीकडून पाणी! मी कमरेपर्यंत बुडालेलो, आणि काठावरची पोरं मोबाइल धरून. तोच व्हिडिओ तू बघितलास ना? अगं, त्यात चेष्टा झालेला माणूस मी आहे!

पुढचं तुला माहीत नाही, कारण तुला सांगू नका असं मीच माउलींना म्हटलं होतं. होडी परत पाठवा म्हणतेस. ती शनिवारपासून तुमच्याच पाण्यात आहे. ट्रकमधून अलीकडच्या काठावर नेली. तू आरोग्य केंद्रात ड्यूटीवर होतीस. माउलींनी फळ्यांवरून हात फिरवला आणि खोकला येईपर्यंत हसले. "सुकवली व्हय आप्पा? दाराचं लाकूड न्हाय हे. होडी सुकली की फाटती. दगडं भरून बुडवून ठिवा आट दिस. फळ्या फुगत्यात, फटी आपसूक मिटत्यात की."

दिवसभर आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी खुरप्यानं लांबी काढली, फटीत डांबरात भिजवलेला कापूस ठोकला. मग दगड भरले आणि माझी तीन महिन्यांची मेहनत मी स्वतःच्या हातानं बुडवली. ते मला फायबरच्या होडीतून पलीकडं घरी घेऊन गेले. तुझ्या घरी चहा प्यालो. दोन कप. सोमशेखरला खुशाल सांग.

परत अलीकडच्या काठावर सोडताना त्यांनी विचारलं, "जुन्या होडीचा येवढा नाद कशापायी, आप्पा?" मी ट्रकवाल्याला हाक मारायचं निमित्त केलं. पण तू आरोप केलायस, तेव्हा तुला उत्तर द्यायला पाहिजे.

आप्पा लग्नाला आले नाहीत, असं तू सांगतेस. मी आलो होतो. काठावरच्या बाभळीखाली गाडीत बसलो होतो. लग्न लावून तुम्ही त्याच होडीतून पलीकडं निघालात. तुझा नवरा, कुमार, वल्हवत होता. नवी नवरी सासरच्या दिशेनं बघते. तू आमच्या काठाकडं तोंड करून बसली होतीस. आपल्यातलं कोणी दिसतंय का ते शोधत होतीस, हे मला कळलं. तुझी नजर बाभळीकडं वळली, आणि मी काच वर केली.

मी. काच वर केली.

ती होडी मी कुणाला कापू देणार होतो? तिच्यात बसून लोकांनी जेवायचं? चेष्टा म्हणे!

रविवारी सकाळी नऊला माउली आणि मी दगड काढून ती वर घेणार. तरली तर तिच्यात बसून तुमच्या काठाला येईन. बुडाली तर पोहत येण्याचं वय राहिलं नाही, माउलींना ओढत आणायला सांगेन. तू काठावर यावंस असं लिहायचा मला हक्क नाही. एवढंच कळवतो की गाडी आणत नाही. एसटीनं येतोय.

तुमच्या काठाकडं तोंड करून,
आप्पा