एक्केचाळीस टाके

कोथरूड, पुणे
ता. १४ नोव्हेंबर २०१०

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आज मोजे वाळत घालताना एक जोड तसाच गोळा होऊन हातात आला आणि एकदम खडकीच्या क्वार्टरचा व्हरांडा आठवला. बाबा रात्रपाळी करून आलेले, डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेले, आणि बाहेर आपण दोघं मोज्यांच्या बॉलने खेळतोय. आईची ताकीद एकच, आवाज झाला तर बॉल चुलीत. म्हणून बॉल उचलायचा नाही, भिंतीला लावायचा नाही, नुसता हळूच एकमेकांकडे सरकवायचा. शंभर झाले की तू मला आवळासुपारी द्यायचास. एकदा सत्त्याण्णववर मला शिंक आली. त्याबद्दल तू अजून मला माफ केलेलं नाहीस.

गुडघा कसा आहे? फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. परवा केला, तर तू इतका मोठ्याने बोललास की मागे सलिल उठल्याचं मला इथे ऐकू आलं. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा मुलगा दिवसा झोपणार, आणि ऐकायला कमी येणारा बाप त्या बंगळूरच्या दोन खोल्यांत कुजबुजणार, हे जमायचं नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

आता आपल्या फुटबॉल क्लबची बातमी. तू एप्रिलमध्ये गेलास आणि ऑगस्टपासून कमिटीने योगेशला कोच नेमलं, हे तुला ठाऊक आहेच. मुलगा यवतमाळकडचा, नोकरी खराडीला. ऑफिसातून सुटून तासभर मोटरसायकल हाकत टेकडीखालच्या ग्राउंडवर येतो. ओळखपत्र गळ्यात तसंच असतं. त्याने खेळच बदलला आहे. गोलकीपरने बॉल लांब मारायचाच नाही. जवळच्याला द्यायचा, त्याने पुढच्याला, वाट नसली तर परत मागे. घाई नाही. बॉल आपल्याकडे आहे तोवर समोरचा गोल करू शकत नाही, असं त्याचं साधं म्हणणं. तीन सामने झाले, तिन्ही हरलो. योगेश म्हणतो, पोरं अजून बॉलला भिऊन राहिली आहेत, होईल हळूहळू.

मला ऑफसाइड आजही कळत नाही. पण शाळेत सिस्टर फिलोमिनांनी शिकवलेला क्रोशा न बघता करता येतो. म्हणून मी बाकावर बसून एका पासला एक साखळी टाका घालते, आणि बॉल दुसऱ्यांकडे गेला की तिथे लाल दोऱ्याचा तुकडा बांधते. गेल्या रविवारच्या सामन्याचा निळा दोर सोबत पाठवते आहे. तूच वाच.

छोट्या स्वरालीला पापा. थंडीत गुडघ्याला लोकर बांध, आणि आहे तेवढी माया असू दे.

तुझी,
नीरू


बंगळूर
ता. २५ नोव्हेंबर २०१०

चि. नीरू हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा दोर मिळाला. पायजम्याची नाडी तुटली होती, ती सोय झाली. सामना म्हणून त्यात वाचण्यासारखं काही नाही. चार टाके, लाल. सहा टाके, लाल. तीन टाके, लाल. याला खेळ म्हणत असतील तर आमच्या खालच्या मजल्यावरचे सिंधी काका बॅडमिंटन खेळतात तेही खेळच.

मच्छिंद्रचंही पत्र आलं. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून त्याला क्लबशिवाय दुसरं काही नाही, त्यामुळे तो काही उगाच लिहिणार नाही. गोलकीपर साई आपल्याच गोलसमोर बॉल घोळवत ठेवतो आणि आपण गोल खातो, असं त्याने लिहिलंय. टेकडी स्पोर्टिंग एकतीस वर्षं पहिल्या विभागात राहिला तो एका गोष्टीवर. गोलकीपरने बॉल अर्ध्या ग्राउंडपलीकडे मारायचा आणि नऊ नंबरने धावायचं. तो नऊ नंबर मच्छिंद्र होता. तेव्हा ग्राउंडवर गवत नव्हतं, पोरांना बूट नव्हते, आणि पास मोजायला बायकाही नव्हत्या. तरी जिंकत होतो.

मी क्लब सोडून आलो, पण मी आहे अजून. सात महिन्यांत माझाच क्लब मला ओळखू येऊ नये, इतका काही मी गेलेलो नाही.

पाच डिसेंबरला कमिटीची बैठक आहे. सोबत बंद पाकीट आहे, ते मच्छिंद्रच्या हातात दे. आत काय आहे ते तुझ्यापासून लपवत नाही. अध्यक्ष म्हणून मी त्या खराडीच्या इंजिनियरला मोकळं करतो आहे. माझ्या सहीनंतर कोणी वाद घालणार नाही.

लोकर बांधली आहे. माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा


कोथरूड, पुणे
ता. ७ डिसेंबर २०१०

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. सरळच सांगते. पाकीट मी दिलेलं नाही.

बैठकीला गेले होते. पाकीट पर्समध्ये होतं. मच्छिंद्रने सगळ्यांसमोर विचारलं, दादांकडून काही आलं का. मी म्हटलं, गुडघ्याला पुष्कळ आराम आहे. मग पुढचा विषय निघाला. आयुष्यभर मुलींना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि निवृत्तीनंतर हे. रात्री जेवण गेलं नाही.

का दिलं नाही ते सांगते. त्याआधीच्या बुधवारी सरावाला मी गेले होते. साई रडवेला झाला होता. त्याचं म्हणणं, आपल्याला लांब मारू द्या, निदान लोक शिव्या तरी देणार नाहीत. योगेश त्याच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, गोल खाल्लास तर सांग योगेशदादाने सांगितलं होतं, तुझं नाव कोणी घेणार नाही. मग उठून त्याच्या एकट्याबरोबर पास खेळत राहिला, अंधार पडेपर्यंत. तुला आठवतं, पहिल्या वर्षी मच्छिंद्रने पेनल्टी घालवली तेव्हा तू कमिटीला काय सांगितलं होतंस? दोष माझा, मी त्याला उभं केलं. तुझा खेळ योगेशकडे नाही, हे खरं. पण तो तुझ्यासारखाच बोलतो, दादा, फक्त वऱ्हाडी हेल आहे.

परवाचा सामना बरोबरीत सुटला. आता एकच गोष्ट मागते. शेवटचा सामना २३ जानेवारीला आहे. तोवर थांब. पाकीट माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, उघडलेलं नाही. तू परत सांगितलंस तर देईन.

रागावलास तरी पत्राचं उत्तर मात्र दे.

तुझी अपराधी,
नीरू


बंगळूर
ता. १८ डिसेंबर २०१०

चि. नीरू हीस,
आशीर्वाद.

मी सांगितलेलं काम तू केलं नाहीस असं हे पहिल्यांदाच झालं. यापलीकडे काही लिहीत नाही. तेवीस तारखेला सामना संपला की तिथेच पाकीट मच्छिंद्रला द्यायचं. हे विचारत नाही, सांगतो आहे.

आणि एक. तू गोलकीपरचे पास धरतेस की नाही? नाडीत ते कुठे दिसत नाहीत. मोजायचंच तर नीट मोज.

दादा


कोथरूड, पुणे
ता. २४ जानेवारी २०११

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

आधी वाईट बातमी. आपण हरलो. जिंकलो असतो तरच पहिल्या विभागात राहणार होतो. एकतीस वर्षांनी टेकडी स्पोर्टिंग दुसऱ्या विभागात गेला. हे तुला कळवायची वेळ माझ्यावर यावी याचं वाईट वाटतं.

तू विचारलंस ते बरोबर होतं. गोलकीपरचे पास मी धरतच नव्हते. गोलकीपर पास देत नाही, बॉल फेकून देतो, हे तूच मला शिकवलेलं, ते डोक्यात पक्कं बसलं होतं. या दोरात धरले आहेत. साईचा टाका मोठा, सैल घातला आहे. बोटाला लागेल.

मध्यंतरापर्यंत एक गोल आपल्यावर होता. मध्यंतरानंतर साईने डावीकडे पास दिला, तो मध्येच अडवला गेला आणि दुसरा गोल झाला. मग आपल्याच लोकांनी ओरडायला सुरुवात केली, लांब मार म्हणून. सगळ्यात मोठा आवाज मच्छिंद्रचा. पाच मिनिटांनी बॉल पुन्हा साईकडे आला. समोरचे दोघे त्याच्या अंगावर धावत आले. आणि त्याने बॉल हळूच, जमिनीवरून, आपल्या शेजारच्याला दिला.

तिथून पुढे मला मान वर करायला वेळ मिळाला नाही. टाके घालते आहे, घालते आहे, लाल तुकडा हातातच राहिला. बॉल उजवीकडे जायचा, मागे यायचा, पुन्हा साईकडे, पुन्हा डावीकडे. हळूहळू ओरडणं थांबलं. एवढी माणसं आणि फक्त बॉलला पाय लागल्याचा आवाज. एक्केचाळिसावा टाका घातला तेव्हा गोल झालेला होता. तो मी पाहिलाच नाही, सगळे उठले म्हणून कळला. त्यानंतर वेळ पुरला नाही. एकाविरुद्ध दोन.

शिट्टी झाल्यावर योगेश साईपाशी गेला. मी तुझ्या आज्ञेप्रमाणे मच्छिंद्रपाशी गेले आणि पाकीट दिलं. आत काय असणार हे त्याला न सांगता कळलं. त्याने पाकिटावरचं तुझं अक्षर बघितलं. मग पाकीट माझ्या हातात परत ठेवलं आणि म्हणाला, दादांना आधी हा दोर बघू दे. बघून त्यांनी पुन्हा लिहिलं की उघडा, तर उघडतो. थोडं पुढे जाऊन परत वळला आणि मला म्हणाला, ताई, आम्ही जिंकायचो तेव्हासुद्धा ग्राउंड असं गप्प कधी झालं नव्हतं.

तर दोर सोबत आहे. पाकीट पुन्हा शिवणाच्या डब्यात. तू लिहिशील ते या वेळी मी ताबडतोब करेन, शब्द देते. क्लब तुझा आहे, आणि मी आधी तुझी बहीण आहे.

उत्तराची वाट पाहते.

तुझी,
नीरू


बंगळूर
ता. ६ फेब्रुवारी २०११

चि. नीरू हीस,
अनेक आशीर्वाद.

दोर आला त्या दिवशी मोजला नाही. पायजम्याच्या खणात टाकून दिला. दुसऱ्या विभागात गेलो हे वाचल्यावर मला कोणाचे टाके मोजायचे नव्हते.

तीन दिवसांनी स्वरालीला शाळेला सुट्टी होती. सलिल सकाळी सहाला कामावरून येऊन झोपलेला, सूनबाई ऑफिसला. पोरगी कंटाळली होती आणि टीव्ही लावायचा नाही असा नियम. तिला तो दोर सापडला. हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, तर तिने मोजायलाच घेतलं, बोटाने. एका लाल तुकड्यापासून पुढच्या लाल तुकड्यापर्यंत पोचायला तिला इतका वेळ लागला की मला वाटलं चुकली. मी मोजलं. एक्केचाळीस. पहिला टाका सैल, आणि मध्ये आणखी दोन सैल. म्हणजे तो पोरगा गोल खाल्ल्यावरही तीनदा पायात बॉल घेऊन उभा राहिला. माझ्या एकाही गोलकीपरने तेवढं केलं नसतं. मी करू दिलं नसतं.

मग तिने माझे मोजे गोळा केले आणि म्हणाली, आजोबा, आपण करू एक्केचाळीस. मी खुर्चीत, चांगला पाय पुढे. ती दाराशी. बाबा झोपलेत, आवाज करायचा नाही, हे तिनेच मला बजावलं. तिने पहिला पास दिला, हळूच, जमिनीवरून, आणि नीरू, मी खडकीत होतो.

तू पहिल्या पत्रात ते सगळं लिहिलं होतंस आणि मी नुसतं शिंकेपाशी हसून सोडून दिलं होतं. हा खेळ आपला होता. बाबांच्या झोपेने आपल्याला तो शिकवला. पुढे मला ग्राउंड मिळालं, तेव्हा वाटलं, सुटलो, आता कोणी झोपलेलं नाही, मार लांब. एकतीस वर्षं पोरांना तेच सांगत राहिलो. त्यात चूक होती असं मी म्हणणार नाही, जिंकलो आहे. पण दुसरंही मला येत होतं, हे मी पार विसरलो.

आम्ही त्रेसष्टपर्यंत गेलो. त्रेसष्ट मी जरा मोठ्याने म्हणालो आणि सलिल उठून बाहेर आला. आता तुझी शिंक माफ.

पाकीट उघडू नकोस आणि कोणाला दाखवूही नकोस. चुली राहिल्या नाहीत, गॅसवर जाळ. खाली लिहिलं आहे तसं वाटप कर. वस्तू माझ्या कोथरूडच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. आणि पत्र लिहीत जा, या घरात तेवढाच आवाज मला पुरेसा ऐकू येतो.

तुझा,
दादा

ता. क.
शिट्टी योगेशला. दोरी बदलून दे, माझ्या घामाने कडक झाली आहे. त्याला सांग, अध्यक्षांनी दिली.

क्लबच्या कपाटाची किल्ली आणि अध्यक्षपद मच्छिंद्रला. कमिटीला वेगळं पत्र लिहिलं आहे, ते या पत्रासोबतच ठेवलं आहे. हे मात्र खरोखर दे.

पहिल्या वर्षीचा चामड्याचा बॉल साईला. त्यात हवा राहत नाही. लांब मारता येणार नाही, म्हणून त्याच्याकडेच शोभेल.

दोन्ही दोर माझ्याकडे राहतील. नाडी नवीन आणली आहे.

सोबतची आवळासुपारीची पुडी तुला. सत्त्याण्णवची.

निळ्या लोकरीचे उरलेले गुंडे असतील ते कोणालाही देऊ नकोस, तुझ्याजवळच ठेव. दुसऱ्या विभागात सामने जास्त असतात.