बाबांचा उजवा हात

गुरुवार, १४ नोव्हेंबर
दुपार

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर बघून कपाळाला हात लावशील, लाव. आई बरी आहे, तुझ्या वहिनीचं शिवणकाम जोरात चाललंय, आणि गॅरेजच्या दारावर तू रंगवलेला पाना अजून तसाच आहे. बाबाही बरे आहेत. म्हणजे, सांगतो.

मागच्या आठवड्यात लाँड्रीवाल्याची डिझेल व्हॅन आली. डॅशबोर्डवर दिवा, आणि चढ आला की गाडी मान टाकते. स्कॅनर म्हणाला, एक्झॉस्टचं तापमान भलतंच वाढलंय. पण आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. स्कॅनर काहीही बोलू दे, शेवटचा शब्द बाबांच्या हाताचा. "त्या डबड्याला कोणी विचारलंय?" म्हणत ते खाली वाकले आणि धुराच्या पाइपला उलटा हात लावला. लावला तो ठेवलाच. "कोमट आहे रे. सेन्सर खोटं बोलतोय. बदलून टाक."

बदलला. दिवा परत हजर! वायर पाहिली, कनेक्टर पाहिला, मीटर लावला, सगळं धडधाकट. लाँड्रीवाला माझ्या डोक्यावर बसलेला. शेवटी वैतागून जुनाच सेन्सर परत लावला आणि सकाळी गाडी थंडगार असताना आकडा बघितला. बाहेरच्या हवेइतकाच. म्हणजे बिचारा सेन्सर पहिल्यापासून खरं सांगत होता. मग इंजिन खोलून पाहिलं, तर डिझेल सोडणारा इंजेक्टर गळत होता आणि जास्तीचं डिझेल पाइपात जाऊन जळत होतं. पाइप खरोखरच तापत होता, ताई.

आलं ना लक्षात? तू इथे असतीस तर तेव्हाच आलं असतं. मी पाना टाकून घरात धावलो. बाबा टेबलाशी डाव्या हाताने चहा पीत होते. उजवा टॉवेलखाली. टॉवेल उचलला आणि... ते मला लिहवत नाही. "दुखत नाहीये रे, उगाच बोंब मारू नकोस," म्हणाले. दुखत नव्हतं, तेच तर! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखरेने हाताच्या नसा कधीच्याच गेल्यात. आणि आम्ही त्या हाताला विचारून गाड्या दुरुस्त करत होतो.

जखम चिघळली. काल त्या म्हणाल्या, हात मनगटापासून काढावा लागेल. सोमवारी. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण पेन तिकडे वळेना.

घरी आल्यावर बाबा गॅरेजमध्ये जाऊन त्या व्हॅनपाशी बसले. मला वाटलं, आता मला झापतील. तर म्हणाले, "मोठी असती तर तिने माझं ऐकलं नसतं. स्वतःचा हात लावून बघितला असता." मग म्हणाले, "तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मी गॅरेज चुकीच्या पोराला दिलं." मला राग यायला हवा होता ना? नाही आला गं. खरंच आहे ते. मुलीच्या जातीने गाडीखाली झोपायचं नाही म्हणाले आणि तू निघून गेलीस, तेव्हा तुझ्या बाजूने एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

"हे तिला कळवू नकोस," असं त्यांनी बजावलंय. कळवतोय.

पत्र आणून देणारा माणूस म्हणजे तोच लाँड्रीवाला. तुझ्या गावात त्याची फेरी असते. आता गाडी चढावर एकदम शहाण्यासारखी चालते, आणि परतताना पुढची सीट रिकामीच असते. त्याला सांगून ठेवलंय, थोडा वेळ थांब म्हणून. तू भांडी घासत असशील तर तशीच टाक.

फोनवर बोलून भागवू नकोस, ताई. आणि आलीस की त्यांच्या मागून येऊन हात धरू नकोस. त्यांना कळणारच नाही. समोर बस, त्यांना दिसू दे, आणि मग धर. सोमवारच्या आत.

पाइपला स्वतः हात न लावलेला,
तुझाच
ढब्ब्या