एकशे ब्याऐंशी पौंड

६ जानेवारी

वजन १८२ पौंड.

आले एकदाची. दूर दक्षिणेतल्या तल्साहून दोन दिवस गाडी हाकली, पण शीण वाटत नाही. मिनेसोटातल्या या गावात तळं गोठलंय, त्यावर लोक गाड्या उभ्या करून मासे पकडतात, आणि पोस्टातलं काउंटर माझी वाट बघतंय. घर पिवळं, बेताचं. वर एक झोपायची खोली, खाली उन्हाचं स्वयंपाकघर. आधीची मालकीण वेर्ना हॉकनसन वारली तेव्हापासून ते रिकामंच होतं. माझी लेक शेल्बी इथून तासाभरावर राहते. तिला मार्चअखेर बाळ व्हायचंय, त्यासाठीच तर बदली मागून घेतली.

मी त्रेपन्नाची, साखर वाढलेली, जिना चढले की धाप लागते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की चाळीस पौंड उतरवा, नाहीतर नातवंडाला कडेवर घेऊन हिंडायचं विसरा. जे तोंडात जाईल ते तोलून लिहा, डाव चाटलात तर तोही. म्हणून ही वही. सत्तावीस वर्षं लोकांची पार्सलं तोलली, स्वतःला तोलणं काय अवघड?

९ जानेवारी

अवघड आहे. आजवर 'एक चमचा' म्हणून जेवढं पीनट बटर खात आले तेवढं काट्यावर ठेवलं. एक्केचाळीस ग्रॅम. बरणीवर लिहिलेला चमचा सोळाचा. म्हणजे वीस वर्षं मी एकाच्या नावावर अडीच चमचे खाल्ले आणि दोष दिला तो आईकडून आलेल्या जाड हाडांना.

आजचं: ओट्स ४० ग्रॅम, दूध १८०, दोन अंडी, चिकन १२०, बटाटा १५०, रात्री सूप नि पाव. ढवळताना चाटलेलं सूप अंदाजे एक चमचा. अंदाजाची लाज वाटली म्हणून दुसऱ्यांदा तोलून चाटलं. एकूण १,४८० कॅलरी.

१४ जानेवारी

शेजारच्या आर्डिस नायगार्ड लिंबाच्या वड्या घेऊन आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, चालणं माझ्यापेक्षा झपाझप. कॉफी घेणार का विचारलं, नको म्हणाल्या, मी भांडं ठेवून दिलं. बाईंचा चेहरा एवढासा झाला. पोस्टातल्या ड्वेनला सांगितलं तर तो हसून हसून काउंटरवर कोसळला. म्हणाला, इथे पहिल्यांदा विचारणं म्हणजे नुसतं खाकरणं. दोनदा नको म्हणायचं हा शिष्टाचार, तिसऱ्यांदा विचारलं तरच ते खरं. आणि तिसऱ्यांदा विचारलेलं इथे कुणी नाकारत नाही.

आमच्याकडे भूक लागली की माणूस ताट ओढतो. वडी ३८ ग्रॅमची. दोन खाल्ल्या, दोन्ही लिहिल्या.

२३ जानेवारी

१८२. सतरा दिवस डोळ्यांत तेल घालून तोललं, लिहिलं, आणि काटा तसूभर हलला नाही. रडले. कुणापासून लपवायचंय?

जेवायला बसले तर समोरची खुर्ची मागे सरकलेली. काल मीच आत ढकलली होती. हल्ली जेवताना कुणीतरी माझ्या घासाकडे टक लावून बघतंय असं वाटतं. पोटात कावळे ओरडत असले की काय काय सुचतं. वैतागून पोट दोन्ही हातांत धरलं आणि खुर्चीला म्हटलं, हवंय का हे, घे. मग ड्वेन आठवला. हसत हसत पुन्हा म्हटलं, घे गं, लाजू नको. आणि तिसऱ्यांदा म्हटलं, घे, सगळं तुझंच.

खोलीत कुणीतरी घोट गिळल्यासारखा आवाज झाला. नळ असेल.

३० जानेवारी

१७१. आठवड्यात अकरा पौंड. खाण्याची नोंद चोख आहे, तिच्या मानाने फार तर दीड उतरायला हवा होता, पण आलेल्या लक्ष्मीला कोण नाही म्हणतं! ड्वेनने शिट्टी वाजवली. मी उगाचच जिना दोनदा चढून आले.

६ फेब्रुवारी

१६०. न्हाणीघरातला काटा चालू केला की आधी शेवटचं वजन दाखवतो. आज दाखवलं २२. मी घरात एकटी. बिघडला असेल म्हणून पोस्टातलं प्रमाण वजन आणून ठेवलं. दहाचे दहा. काटा खरा आहे.

मग बेरीज केली. एकशे साठ आणि बावीस. एकशे ब्याऐंशी.

१५ फेब्रुवारी

१४१. काट्याच्या आठवणीत ४१.

साखर उतरली, डॉक्टरीणबाई खूष. शेल्बी म्हणाली, आई, कॉलेजातल्या फोटोसारखी दिसतेस. हवं होतं तेवढं झालं, आता पुरे, असं मी मोठ्याने म्हटलं. आज मुद्दाम ३,१०० कॅलरी खाल्ल्या. पाव २४० ग्रॅम, लोणी ६०, चीज ११०, पीनट बटर ८२, बाकी मागच्या पानावर. मला भीती वाटते. सगळे अभिनंदन करताहेत, आणि मला भीती वाटते.

२० फेब्रुवारी

१३१. आर्डिसबाईंना कॉफी तीनदा विचारली आणि मग वेर्नाबद्दल विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं. चार वर्षांपूर्वी हिमवादळ झालं तेव्हा वेर्ना तापाने पडून होती. आर्डिसबाई बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं इथलं घरगुती जेवण, घेऊन तिच्या दारात गेल्या.

"नको म्हणाली. पुन्हा विचारलं, नको म्हणाली. वारा असला होता, माझी टोपी उडाली. मी म्हटलं, बरं तर, आणि वळले. अगं डार्लीन, तिसऱ्यांदा विचारलंच नाही मी तिला."

मग बर्फ खिडक्यांच्या वर गेलं. अकरा दिवसांनी दार उकरलं तेव्हा वेर्ना स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली सापडली. कपाटात दाणा नव्हता. तिला उचलणारा म्हणाला, लहान पोरीएवढीही भरली नाही.

मी काय बोलून बसले ते सांगितलं. परत मागता येईल का, तेही विचारलं. त्या हळूच म्हणाल्या की खाल्लेलं कुणी परत देतं का.

५ मार्च

१०४.

आर्डिसबाईंनी हॉटडिश आणलं. रिकाम्या खुर्चीपुढे ठेवून तीनदा आग्रह केला, माफी मागितली, रडल्या. कुणी शिवलं नाही. बटाट्यात तिला आता गोडी नाही.

दोन दिवस मोटेलात राहून बघितलं. तिथेही उतरत होतंच, पोस्टाच्या काट्यावर तोललं. जिन्याची तिसरी पायरी माझ्या पायाखाली करकरेनाशी झालीय. मी खाली बसलेली असते, तेव्हा करकरते.

१६ मार्च

७९. खाल्लं ४,२००. तोलून.

बाहेरचं दार मला ओढवत नाही. ड्वेनचा फोन. म्हणाला, आज काउंटरवर काय छान दिसत होतीस, गाल भरलेत. मी आज घरातून निघालेच —

माझा निळा स्वेटर खुर्चीवर. ऊबदार होता.

२३ मार्च

६१ —

बाळ आलं. मुलगी. सात पौंड दोन औंस. शेल्बी परवा घेऊन येणार. नको येऊस सांगायला फोन लावला. तिला माझं बोलणं नीट ऐकूच जाईना. एवढंच म्हणाली, अगं आई, आत्ताच तर म्हणालीस, लवकर आण म्हणून.

सात पौंड. मला पेलतील का? तिला —

२५ मार्च

वरच्या खोलीत. पेन जड आहे —

गाडी थांबली. खाली पावलं दाराकडे, जड. मी हाक मारली, हवाच आली नुसती —

शेल्बी. म्हणतेय, आई, किती छान दिसतेस.

"घे, धर तुझ्या नातीला."

खालून माझाच आवाज. "नको गं, राहू दे."

एकदा.

"घे ना, आई."

"नको नको."

दोनदा. मोठ्या अक्षरांत लिहितेय, वही जिन्यावरून ढकलते. शेल्बी, आता विचारू नको. बाळ घेऊन निघ. ती मी नाही. तिसऱ्यांदा वि —

शेल्बी हसतेय. म्हणतेय, अगं आई, लाजतेस काय, घ