दोन्ही नळ्या गार असतील तर

मी, श्रीमती यशोदा त्र्यंबक गायधनी, वय ६३, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टर क्षेमकल्याणी म्हणतात, हृदय थकले आहे, डोके शाबूत आहे. डोके थोडे कमी शाबूत असते तर ही सात वर्षे सोपी गेली असती. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

१. मला अपत्य नाही. राहते घर व निफाडचा द्राक्षमळा माझे धाकटे दीर श्री. निवृत्ती गायधनी यांना मिळावा. त्यासाठी एक अट आहे, ती कलम ५ मध्ये.

२. पोस्टातील ठेव व शिवणयंत्र लंकाबाईला. बावीस वर्षे तिने माझे स्वयंपाकघर सांभाळले. माझ्या रेशमी साड्याही तिलाच. ती म्हणेल, "बाई, एवढ्या जड साड्या नेसून मी भांडी घासू का?" तरी द्याव्यात.

३. गाडी. दोन माणसांची, बंद टपाची, गडद हिरवी इंग्रजी स्पोर्ट्स कार. देवळालीहून मायदेशी परतणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून माझे पती कै. त्र्यंबक गायधनी यांनी १९५८ साली घेतली. तिच्यात हीटर आहे हे ऐकून लोक हसले. पण निफाडला जानेवारीत थंडीपासून घड वाचवायला मळ्यात शेकोट्या पेटवतात. त्या दिवसांत काच आतून श्वासाच्या वाफेने धुरकट होई, ती हीटरच्या वाऱ्यानेच साफ होई. दुरुस्ती यांनी मला शिकवली. मी पदर खोचून बॅटरीचा उजेड धरायची. "यशू, आधी हात लाव, मग पाना उचल," ते म्हणायचे. "हीटरच्या दोन नळ्या, इंजिनाचं गरम पाणी नेणारी नि आणणारी. एक गरम, एक गार, तर झडप अडकली. दोन्ही गरम आणि तरी वारा नाही, तर पंखा." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसकडे भूमिती शिकले तशी मी हे मन लावून शिकले. संसारातले माझे सर्वांत सुखाचे तास त्या बॉनेटखाली गेले.

४. माझ्या अर्धशिशीसाठी यांनी गाडीत मुंबईहून एअर कंडिशनर बसवून आणला. १९७८ च्या उन्हाळ्यात तो गार करीना. मुंबईचा मिस्त्री दोनदा गॅस भरून गेला. आमचे मेकॅनिक श्री. झुंबर भिकन पगारे यांनी वाऱ्याच्या जाळीत थर्मामीटर धरला, नळ्या चाचपल्या आणि म्हणाले, "बाई, मशीन चांगलं हाय. हीटरची झडप मिटत नाय, उकळतं पाणी आत फिरतंय. एका खोलीत बर्फ नि चूल ठेवल्यावर कसं व्हायचं?"

नवी झडप यांनी इंग्लंडहून मागवली. ती यायला महिने लागणार होते. मे महिन्यात हे देवळ्याला गेले असताना मी झुंबरला म्हटले, "तोवर पाणीच बंद कर."

"सायबांना इचारतो."

"मी सांगते त्यांना."

त्याने इंजिनाच्या मागे, सहज दिसणार नाही अशा जागी बुचे मारली. गाडी गार झाली. हे खूश होऊन म्हणाले, "झुंबरने झडप घासून बसवली वाटतं." मी नुसती हसले. रागावतील म्हणून आज नको, उद्या सांगू, असे करता करता विसरले.

९ जानेवारी १९७९ ला सकाळी हे मळ्यावर निघाले. निफाडच्या अलीकडे उभ्या असलेल्या उसाच्या बैलगाडीवर गाडी गेली. दवाखान्यात दुपारपर्यंत शुद्ध होती. म्हणाले, "काच पुसत होतो गं. हीटर लावला, वारा आला, पण गार. झुंबरला नळ्यांना हात लावून बघायला सांग. दोन्ही गार असतील तर..." पुढे बोलणे झाले नाही. मला उत्तर माहीत होते. मी त्यांचे पाय चेपत राहिले.

तेराव्याला झुंबर दारात आला. "बाई, बुचं मारल्याचं सायबांना सांगितलं व्हतं ना तुम्ही?"

निवृत्तीभावजी उसळले, "कसली बुचं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "मला गाडीतलं काय कळतं?"

"ऐकलंस?" भावजी झुंबरवर ओरडले. "माझा भाऊ मारलास तू. चालता हो!"

झुंबरने माझ्याकडे एकदा पाहिले, चपला घातल्या आणि गेला. माझे नाव त्याने आजवर कोणापाशी काढलेले नाही. भावजींनी मात्र त्याचे नाव गावभर केले. त्याच्या गॅरेजात गाड्या येईनाशा झाल्या. आता तो पिंपळगावला कांद्याचे टेंपो दुरुस्त करतो.

परसात पत्र्याखाली उभी असलेली ती चेपलेली गाडी, हत्यारांची पेटी, थर्मामीटर आणि यांच्या मागून फेब्रुवारीत आलेली झडप श्री. झुंबर पगारे यांना द्यावी. झडपेचे पुडके मी फोडलेले नाही. नको असल्यास त्यांनी खुशाल नाकारावे. या कागदातून मी क्षमा मागत नाही. ती समोर जाऊन मागायची असते, आणि पिंपळगाव इथून तासाभराच्या वाटेवर आहे.

५. अट अशी: निवृत्तीभावजींनी स्वतः पिंपळगावला जाऊन, झुंबर व तिथल्या कामगारांसमोर कलम ४ मोठ्याने वाचावे. डॉ. क्षेमकल्याणी यांनी सोबत जावे. तसे झाल्यावरच घर व मळा त्यांच्या नावे व्हावा. न झाल्यास दोन्ही झुंबर यांना मिळावे. भावजी, चष्मा न्यायला विसरू नका.

यांचे वाक्य अर्धे राहिले होते. ते पूर्ण करते, म्हणजे त्याखाली सही करता येईल. दोन्ही नळ्या गार असतील तर पाणी कोणीतरी बंद केलेले असते. ते मी करवले. आणि मला गाडीतले सगळे कळत होते.

सही: यशोदा त्र्यंबक गायधनी

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली:
१. डॉ. पांडुरंग क्षेमकल्याणी
२. सावित्रीबाई शौचे, निवृत्त मुख्याध्यापिका

नाशिक, ९ जानेवारी १९८६