मिन अपोंडी बोलतेय

३ मार्च, नैरोबी

आकडे नकोत म्हणे! नव्या कंपन्यांना उभं करणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या वांजा मॅडमनी आमचे तक्ते बाजूला सारले. "गुंतवणूकदाराला गोष्ट लागते. ही कंपनी तुम्हीच का काढलीत?"

मी सांगितलं. आई किसुमूला मासळी विकते. बोटी कुठल्या काठाला लागणार ते कळायचं नाही, ती पायपीट करून पोचेपर्यंत दलालांनी माल उचललेला. म्हणून मी ही सेवा बांधली. नंबर फिरवला की आज मासळी कुठे उतरली ते लुओ भाषेत ऐकू येतं. आवाज आईचाच — "मिन अपोंडी बोलतेय." अपोंडीची आई. बाजारात तिला दुसरं नाव नाही.

मॅडमचे डोळे भरून आले. पण चार माणसांत मी अडखळते. माझा भागीदार ओडेरा घडाघडा बोलतो. ठरलं — सांगणार तो.

१९ मार्च

ओडेरा मंचावर गेला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "माझी आई किसुमूला मासळी विकते."

माझी आई!

त्याची आई दातांची डॉक्टर. मासळीचा वास आला तर नाकाला रुमाल लावते. सभागृह टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. का, कोण जाणे.

२० मार्च

"अगं, 'मैत्रिणीची आई' म्हटलं की गोष्टीतला जीवच जातो. कंपनी दोघांचीच ना? जेवलीस का?"

आयत्या बिळावर नागोबा. नाही जेवले.

२४ मार्च

गुंतवणूकदार पैसे घालायला तयार आहेत, पण आधी ओडेराच्या आईला भेटायचंय! शनिवारी, किसुमूला. त्याला घाम फुटायला हवा होता. हा आपला शीळ घालतोय.

आईला फोन केला. पाहुणे येतायत, एवढंच सांगितलं. बाकीचं बाजारच सांगेल, त्याची चांगली जिरेल. आई म्हणाली, "तुझ्या मनासारखं होऊ दे."

२८ मार्च, किसुमू

पाहुण्यांना लुओ येत नाही. नैरोबीत वाढलेल्या ओडेरालाही धड नाही. दुभाषी मीच.

आईने हात पुसले, ओडेराला जवळ ओढलं. म्हणाली, "मी मिन ओडेरा."

ज्या बायकांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं त्या खाली मान घालून मासे साफ करत राहिल्या.

पाहुण्याने माझ्याकडे बोट दाखवलं. ही कोण? मी आईला लुओत विचारलं. तिने माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

मी तेच इंग्रजीत सांगितलं, "मी यांच्याकडे कामाला आहे." एकदाही अडखळले नाही.

२९ मार्च

आईशी न बोलताच बस धरली. आपलेच दात, आपलेच ओठ. ओडेराचा राग तरी करता येतो.

३ एप्रिल, नैरोबी

पैसे आले. सेवेचा नंबर फिरवला. "मिन ओडेरा बोलतेय." आवाज आईचा.

तिला फोन लावून ओरडले — हे कधी बोललीस?

"तुमच्या कार्यक्रमाच्या आधी. ओडेरा आला होता ना इथे, आवाज भरून घ्यायला. तूच पाठवलंयस म्हणाला." मग हळूच, "मला वाटलं, पोरीला माझी लाज वाटते."