चाळीस दिवसांत एक हजार शब्द

३ जानेवारी १९८२, रविवार
मराठी मंडळाची मीटिंग. अध्यक्ष नारायणराव. त्यांच्या नातीने सगळ्यांसमोर सांगितलं की बिल्ली दूध पिऊन भागून गेली. सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं? जबलपूरच्या या खमरिया फॅक्टरी कॉलनीतली मराठी पोरं ही अशी मराठी बोलून राहिली आणि आईबाप कौतुकाने बघतात.
शेवटी मी उभा राहिलो. प्लॅन मांडला. रोज पंचवीस शब्द, चाळीस दिवस, एक हजार. उद्या सुरू केलं की १२ फेब्रुवारीला खतम. १४ ला स्नेहसंमेलन, तिथेच जाहीर परीक्षा. नारायणरावांना गुणाकार समजायला वेळ लागला. फोरमन आहेत म्हणे. ठराव पास.
लीलाबाईंनी विचारलं, पोरं त्या हजार शब्दांचं करतील काय? ही बाई मंडळाच्या व्हरांड्यात शिवणाचा क्लास घेते. शिक्षण चौथी. उत्तर देणं माझ्या तब्येतीला मानवत नाही.

४ जानेवारी, सोमवार. सायं. ७
सतरा पोरं. एकदम शिस्त. शब्द अकारविल्हे घेतो, कारण शब्दकोशात तसेच असतात आणि शब्दकोश करणारे काही मूर्ख नव्हते. आज अकस्मात, अकारण, अगतिक, अग्रज, अजस्र वगैरे. प्रत्येक शब्द दहा वेळा लिहायचा, समोर हिंदी अर्थ. बोलायचं नाही. बोलण्याने गोंधळ होतो.
घरी हिने विचारलं, पोरं काय बोलली? म्हटलं, बोलायला थोडंच बोलावलंय.

७ जानेवारी, गुरुवार
अजून अ चालू आहे. भाषा किती संपन्न!
अंजनी नावाची एक मुलगी आहे. चौथीत. बाप तुळशीराम फॅक्टरीत टर्नर, आपल्या काटोलकडचा. आई इथलीच, बरगी गावची, तिला मराठी येत नाही. घरात सगळा कारभार हिंदीत. तर ही पोरगी क्लास सुटल्यावर थांबली. म्हणे, गावची आजी येणार आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आजीला हिंदी समजत नाही. बाबांची ड्यूटी, आईला घरी लहान बाळ. दवाखान्यात दिवसभर हीच बसणार. तिला थोडं थोडं समजतं, पण बोलायला गेलं की वाक्य जुळत नाही. तर डोळ्याचं, दुखण्याचं आधी शिकवाल का?
मी यादी काढून दाखवली. डोळा २१ जानेवारीला. दुखणे २४ ला. ऑपरेशन १९ ला.
आता एका म्हातारीसाठी मी वर्णमाला बदलू काय?

८ जानेवारी, शुक्रवार
तुळशीराम बस स्टॉपवर भेटला. त्याला सुचवलं, ऑपरेशन पाच-सहा दिवस पुढे सरकवता येत असेल तर बघा, सगळंच सोयीचं होईल. त्याने दोनदा विचारलं, काय सरकवायचं? मग त्याची बस आली. बहुतेक इम्प्रेस झाला.

९ जानेवारी, शनिवार
पहिली टेस्ट, कालच्या शब्दांवर. सरासरी पंचवीसपैकी बावीस. व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात निकाल वाचला.

११ जानेवारी, सोमवार
सहज सोमवारचे शब्द विचारले. मागच्या सोमवारचे. कोणालाच येईनात. एकाने अग्रज म्हणजे अगरबत्ती असं सांगितलं. सात दिवसांत डोकं धुऊन निघालं. या पिढीला घरी डालडा खाऊ घालतात, दुसरं कारण दिसत नाही. उपाय: दहा वेळांऐवजी पंधरा वेळा लिहायचं.
हजेरी तेरा. थंडी आहे.

१३ जानेवारी, बुधवार
क चालू झाला. काक, काच, काजळ, कातडे.
मध्येच दोन पोरं पाणी प्यायला म्हणून उठली ती परत आलीच नाहीत. बाहेर जाऊन बघतो तर लीलाबाईंच्या चटईवर बसलेली. बाई हातात कात्री घेऊन विचारून राहिली, हे काय? मग कात्री दे, कात्री घे, कात्री बोथट झाली. दिवसाला सहा शब्द. सहा! वर परवाचेच परत विचारते, आणि मागच्या आठवड्याचेही. पोरं फाटक्या झग्याला टाके घालता घालता बोलतात. याला क्लास म्हणतात?
मी जरा समजावलं की बाई, या स्पीडने हजार शब्दांना अर्धं वर्ष लागेल. तर मलाच म्हणाली, "गुरुजी, नवा माणूस एकदा दिसला तर तुम्ही त्याला ओळखता का? पाच-सहा वेळा भेटला, दोन कामं संगं केली, मग ओळख होते. शब्दाचं तसंच आहे न."
चौथी पास. आणि तत्त्वज्ञान सांगून राहिली.

१७ जानेवारी, रविवार
हजेरी सहा. बाकीची अकरा शिवण शिकून राहिली, त्यात चार मुलगे. यांचे आईबाप पुढे काय तोंड दाखवतील?
अंजनी मात्र माझ्याकडेच आहे. आजी आली आहे. पोरगी वही घट्ट धरून बसते, पंधराच्या जागी वीस वेळा लिहिते. चेहरा रडका. मेहनतीने असा होतो.

२० जानेवारी, बुधवार. रात्रीचं जेवण व्हायचं आहे
आज माझ्या मेथडची पहिली प्रत्यक्ष परीक्षा झाली. जे घडलं ते तुळशीरामने घरी येऊन सांगितलं. तो रागावलेला होता, म्हणून मुद्दाम शांत डोक्याने लिहून ठेवतो.
काल ऑपरेशन ठीक झालं. आज दुपारी आजी पार्वताबाई डोळ्यावरच्या पट्टीला हात लावून सारखी म्हणायला लागली, काचते व, काचते. अंजनी जवळ बसलेली. तिला माझ्या यादीतला शब्द आठवला: काच, म्हणजे काँच. ती ओरडत सिस्टरकडे पळाली की आजी की आँख में काँच है. वॉर्डात धावपळ. डॉक्टर आले, पट्टी सोडली, डोळा बघितला. आत काही नव्हतं. पट्टीची नाडी कानामागे घट्ट बसली होती, एवढंच. म्हातारी घाबरून काय झालं ते विचारत होती, तिला कोणी काही सांगू शकत नव्हतं. डॉक्टर अंजनीवर चिडले. पोरगी कॉटखाली जाऊन बसली ती बाप येईपर्यंत निघाली नाही.
तुळशीराम म्हणाला, डोळ्याला काही झालं असतं तर? मी म्हटलं, झालं नाही ना. आणि जरा बारकाईने बघितलं तर शब्द पोरीच्या लक्षात होता. सात दिवसांनंतर! फक्त जागा चुकली.
तो चहा न घेता गेला. अडाणी माणूस.
हीही आज माझ्याशी बोलून नाही राहिली. काहून ते सांगत नाही.

२१ जानेवारी, गुरुवार
डोळा. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी घेतला. अंजनी गैरहजर. संधी घालवली.

२६ जानेवारी, मंगळवार
सुट्टी. मुद्दाम सायकलने दवाखान्यात गेलो. पोरीचे ट ते द राहिले होते, यादी देऊन यावी म्हटलं.
तिथे लीलाबाई हजर. त्या दिवसापासून रोज दुपारी येते म्हणे. आजीच्या उशाशी काहीतरी टाके घालत बसली होती, आणि अंजनी आजीशी बोलत होती. पाणी कोमट आहे, देऊ का? उशी वर सरकवू? काचून नाही राहिलं न? आजीच्या डोळ्यावर पट्टी, हात पोरीच्या तोंडावरून फिरतो आहे. दोघी कशावर तरी हसल्या.
मी आवाज दिला तर पोरगी म्हणते, "गुरुजी, हळू बोला. बाजूच्या आजी झोपून राहिल्या."
मी दुरुस्त केलं: झोपल्या आहेत. तिने मान हलवली, पण आवाज आणखी खाली घ्यायचा इशारा केला.
घरी येऊन यादी तपासली. कोमट नाही त्यात. म्हणजे गरजेचा नसणार.
यादी बॅगेतच राहिली.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
चाळिसावा दिवस. हजेरी चार. ह संपला. हजार शब्द पूर्ण. हे जबलपुरात आजवर कोणी केलेलं नाही, आणि नारायणराव अभिनंदन करायचं सोडून खुर्च्या मोजत होते.
भाषणाचा मसुदा तयार. नम्रतेचा पॅरा सगळ्यात लांब झाला आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार
स्नेहसंमेलन. पाहुण्या जयाबाई, नागपूरच्या निवृत्त हेडमिस्ट्रेस. माझी चार पोरं स्टेजवर, केसांना तेल लावून. त्यांनी ह ची सगळी यादी धडाधड म्हटली. हजर, हताश, हतबल, हमखास. मी प्रेक्षकांकडे बघत होतो.
मग बाईंना काय सुचलं कोण जाणे. पहिल्या पोराला विचारलं, बाळा, आज सकाळी उठल्यावर काय काय केलंस? पोरगा विचार करून म्हणाला, हयात, हर्ष, हलाखी.
हॉलमध्ये सन्नाटा. त्या सन्नाट्यात तिसऱ्या रांगेतून एक बारीक आवाज चालूच. अंजनी. आजीचा एक डोळा अजून झाकलेला, दुसऱ्याने दूरचं दिसत नाही, म्हणून पोरगी तिला सगळं सांगत होती. "आजी, तो मुलगा गप्प उभा आहे. गुरुजी त्याला मागून चिमटा काढून राहिले. आता कपाळ पुसलं. रुमाल खाली पडला. आता कोणाकडे बघावं ते त्यांना कळून नाही राहिलं."
लोक हसले. जयाबाईही. मग त्यांनी अंजनीला वर बोलावलं. ती पाच मिनिटं बोलली: दवाखाना, आजी, ती काचेची भानगडही. मध्ये तीन हिंदी शब्द आले. मी मोजले. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. आजी रडत होती.
माझं भाषण वेळेअभावी झालं नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार
मंडळाचा निर्णय: मराठीचा क्लास लीलाबाई घेतील, सहा शब्द रोज. मी सल्लागार. नारायणरावांनी सांगितलं, सल्ल्याची घाई नाही. म्हणजे वरची पोस्ट.
आता रोज व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो. देखरेख लागतेच. आज बाईंनी उसवणे शिकवलं. आजीही येऊन बसते. चटईवर इतका गोंगाट असतो की सल्ला द्यायला फट सापडत नाही.

२२ फेब्रुवारी, सोमवार
पार्वताबाई गावी निघाल्या. सकाळची नागपूर बस. मंडळातर्फे कोणी जबाबदार माणूस पाहिजे म्हणून गेलो. तुळशीराम सामान टपावर चढवत होता. अंजनी खिडकीखाली उभी, एकसारखी बडबड: औषध कधी घालायचं, उन्हात जायचं नाही, उन्हाळ्यात मी येते.
व्हरांड्यात माझा आवाज कधी आजीच्या कानावर पडलाच नव्हता. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कोण आहेत व हे?"
अंजनी म्हणाली, "गुरुजी आहेत. आधी शिकवायला येत होते. आता नुसते आपल्यात बसायला येतात. त्यांच्या घरी कोणी बोलत नाही वाटतं."
मी रागवायला पाहिजे होतं. आजीने खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या मनगटावर ठेवला. "बोला न भाऊ," म्हणाली.
ड्रायव्हर चढला. कंडक्टरने दार लावलं. ती अजून माझ्याकडेच बघून राहिली होती, तोंड जरा पुढे करून, ऐकायला.
मी म्हटलं, "बरं."
बस गेली.