आर्वी मोइलानेनची जागा

औलू, ९ जून २००३

ती. हेल्वीआत्यास इल्माचा सा. न. वि. वि.

शिकारीची लेखी परीक्षा पास झाले! साठातले पाच प्रश्न चुकले, त्यातले तीन बदकांचे. तेवढी चूक खपते.

आता बाबांच्या जागेचं. शिकारी टोळीचे म्होरके तौनोकाका म्हणतात, मूस हरणांच्या शिकारीत आर्वी मोइलानेनची जागा अजून आपल्या घराचीच आहे, पण ३१ ऑगस्टपर्यंत घरातल्या कुणीतरी नेमबाजीची चाचणी द्यायला हवी. नाहीतर जागा त्यांच्या हेलसिंकीच्या जावयाला. बाबा बावीस वर्षं त्या दलदलीच्या काठी उभे राहिले आणि आता तिथे तो उभा राहणार? बाबा जाऊन वर्षही झालं नाही. मला हे मुळीच चालणार नाही.

रायफल बाबांचीच वापरणार. दुकानदार म्हणाला, तुम्ही डावखुऱ्या, चणीने लहान, तुम्हाला हलकी आणि डाव्या बोल्टची हवी. मी हो हो करून निघून आले. बाबांच्या रायफलीचा दुसरा परवाना तुझ्या नावावर आहे, माझ्या नाही, तेव्हा सरावाला तूच शेजारी हवीस.

लोभ आहेच, सरावाच्या दिवसांत रागवणं तेवढं कमी कर.

तुझी इल्मा

*

हापावारा, १४ जुलै

चि. इल्मा हिस अनेक आशीर्वाद.

खांद्याला वोडका चोळलीस का? पोटात नाही, खांद्यावर.

शनिवारी चाचणीत तुझ्या चारपैकी दोनच गोळ्या वर्तुळात बसल्या. कारण मी स्पष्ट सांगते. चाप ओढण्याआधीच तू डोळे मिटतेस. धक्का बसणार हे खांद्याला ठाऊक झालंय. दादा सहा फुटी होता, दस्ता त्याच्या मापाचा. तू तुझ्या आईवर गेलीस. त्यात प्रत्येक गोळीनंतर पुढची गोळी भरायला डावा हात उचलून पलीकडचा बोल्ट ओढायचा, म्हणजे नेम पुन्हा पहिल्यापासून. गावात डाव्या हाताची रायफल एकही नाही, नाहीतर मागून आणली असती.

त्या दुकानदाराला अक्कल आहे. त्याच्याकडे परत जा. रायफल खांद्याला लाव, डोळे मीट, मग उघड. दुर्बिणीतून सरळ दिसलं तर ती तुझी. मान वळवावी लागली तर ठेवून दे. लाकूड सुंदर आहे म्हणून भुलू नकोस.

तू म्हणशील, ही बाबांची आहे. बाई गं, तो माझाही होता, माझा भाऊ. पण जखमी मूस जंगलात निसटला, तर त्याच्यामागे तीन दिवस सगळी टोळी फिरते. दादाला ते आवडलं नसतं.

लोभ आहे. आता हट्ट तेवढा सोड.

तुझी आत्या

*

औलू, १२ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं ऐकायला उशीर केला. बाबांच्याच रायफलीने आणखी एकदा चाचणीत नापास झाले ते तू पाहिलंसच. तिथून तुझ्याशी न बोलता निघून आले, त्याची लाज वाटते.

परवा नवी रायफल निवडली. हलकी, डाव्या बोल्टची, डोळे उघडले की सरळ दिसतं. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी विचारलं, शिकार कुणाबरोबर करणार. मी आपल्या टोळीचं नाव लिहिलं आणि रडू आलं. त्या म्हणाल्या, परवान्याला चार आठवडे लागतील. म्हणजे सप्टेंबर. जागा गेली, आत्या. माझ्या हट्टापायी बाबांची जागा गेली.

तौनोकाकांना तूच कळव. माझ्याने होणार नाही. माया कमी करू नकोस.

इल्मा

*

हापावारा, ३१ ऑगस्ट

चि. इल्मा हिस आशीर्वाद.

तौनोला काही कळवलं नाही. काल गोळीबाराच्या मैदानावर गेले आणि दादाच्या रायफलीने चार गोळ्या झाडल्या. चारही आत.

वासलेलं तोंड मीट. गेली वीस वर्षं दर ऑगस्टला ती रायफल झाडून बघून तिचा नेम जुळवून द्यायचं काम कुणाचं होतं? दादाला तेवढा धीर नव्हता. उंचीही मला त्याचीच, दस्ता बरोबर बसतो. टोळीत मात्र कधी गेले नाही. कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी विचारलं. तौनो माझी चाचणीची चिठ्ठी दोनदा वाचून म्हणाला, घरातलं कुणीतरी असंच मी म्हणालो होतो, आता काय बोलणार.

पुढच्या वर्षी तू तुझ्या रायफलीने ये. मी ही जागा तोवर धरून ठेवते.

घाईत आहे, पण लोभ आहे.

आत्या

*

हापावारा, ५ ऑक्टोबर

चि. इल्मा हिस आशीर्वाद.

शिकारीच्या पहिल्या शनिवारी माझ्यासमोरून वासरासह मादी गेली. वासरू झाडाआड होतं, आणि वासराआधी आईला मारायचं नाही, म्हणून चाप ओढला नाही. तौनो म्हणाला, बरोबर केलंस. या शनिवारी दुसऱ्या कुणीतरी एक नर पाडला.

संध्याकाळी मांसाचे वाटे झाले. तुला ठाऊकच आहे, एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? भिंतीकडचा न बघता एकेक नाव घेतो. पाचव्या ढिगाला तो म्हणाला, मोइलानेन. मी जागची हलले नाही. सवयीने मागे वळून दादाला शोधत होते. तौनोने हळूच कोपर लावलं तेव्हा पुढे झाले आणि सगळ्यांदेखत रडले.

अर्धा वाटा तुझा, शीतपेटीत ठेवलाय. येऊन घेऊन जा, तशी तुझीही वाट बघते आहे.

तुझी आत्या